पाठीवरचा हात

१

फोटोत एक पाठ होती आणि पाठीवर हात होता.

सरकारी कार्यालयातल्या चौकशीबाईंनी तो फोटो टेबलावर ठेवला, तिच्याकडे फिरवला आणि पेनाचं टोपण काढून त्या वाट बघत बसल्या. चार वर्षांच्या मुलीची पाठ. डाव्या खांद्याखाली लालभडक पंजा उमटलेला, चार बोटं, अंगठा, तळवा, सगळं जिथल्या तिथे. मधल्या बोटाच्या टोकाशी फोड आलेला. पंज्यावरून बोटभर रुंदीची एक कोरी पट्टी तिरकी गेलेली, कुणी खोडरबर फिरवल्यासारखी. आणि तळव्याच्या खालून एक बारीक लाल रेघ कमरेकडे उतरलेली.

"ही तुमची मुलगी?"

"हो," ती म्हणाली.

पाठ ओळखायला तिला चेहऱ्याची गरज नव्हती. उजव्या खांद्यावरचा तीळ तिच्या घराण्यातला होता. बाकी त्या फोटोकडे बघून तिला काय वाटलं, असं कुणी विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं. काहीच वाटत नव्हतं. दाताच्या डॉक्टरांनी सुई दिल्यावर ओठ जसा आपला राहत नाही, तसं ते सगळं अंगभर झालं होतं.

मुलीला सगळे भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी टिकत नसे. सोमवारी सकाळी बालवाडीत तिनं अंगावर पाणी सांडलं, बाईंनी शर्ट बदलायला काढला आणि पाठ बघितली. अशा वेळी आधी सरकारी कार्यालयाला फोन आणि मग पालकांना, असा त्यांचा नियम होता. दुपारपर्यंत भिंगरी बालगृहात पोचली होती.

"काम काय करता?" चौकशीबाईंनी विचारलं.

"फॅक्टरीत. ऑफिसला."

हे खोटं होतं. ती फॅक्टरीत मासे कापायची. पण बालवाडीच्या फॉर्मवर तिनं ऑफिस लिहिलं होतं आणि एकदा लिहिलेलं खोटं तिला सवयीचं झालं होतं.

"रविवारी तुम्ही दिवसभर कामावर होता. हजेरीपट बघितलाय मी." चौकशीबाई शांतपणे बोलत होत्या, त्यांच्या आवाजात वाईटपणा नव्हता. "सकाळी दोन तास मुलगी वरच्या मजल्यावरच्या आजींकडे होती. नंतर वडिलांजवळ. संध्याकाळी आजींनी मोठ्यानं ओरडण्याचा आणि मुलीच्या रडण्याचा आवाज ऐकलाय. आणि या हाताचं माप घेतलं, तर हा पुरुषाचा हात आहे." त्यांनी एक कोरा कागद पुढे सरकवला. "त्यांचा हात आहे असं तुम्ही लिहून दिलंत आणि वेगळ्या राहायला तयार झालात, तर पुढच्या शुक्रवारी मुलगी तुमच्याकडे येऊ शकते. नाहीतर दोघांकडेही नाही."

कागद तिनं घडी करून पिशवीत टाकला.

२

झेरॉक्सच्या दुकानावर एका खोलीत मोफत सल्ला देणाऱ्या एक वकीलबाई बसत. वय साठीच्या पुढचं, चष्मा दोरीला लटकलेला, आणि बोलताना पेन्सिलीला टोक काढत राहायची सवय. गुरुवारी नवराबायको त्यांच्यासमोर बसले. मधली एक खुर्ची रिकामी ठेवून बसले, हे वकीलबाईंच्या नजरेतून सुटलं नाही.

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. आयुष्यभर सातव्या मजल्यावरून तळमजल्याला हाका मारून त्याचा आवाज असा झाला होता की तो मीठ मागायचा तरी भांडल्यासारखा वाटे. त्या दिवशी मात्र तो अगदी हळू बोलला. "मी मारलं नाही."

"मी विचारलंच नाही," वकीलबाई म्हणाल्या. "आता ऐका. चौकशी आली की आईबाप दोनच गोष्टी करतात. कचेरीत जाऊन तमाशा करतात, नाहीतर घाबरून दिसेल तिथे सही ठोकतात. दोन्ही करायचं नाही. बोलावलं की वेळेवर जायचं, नीट बोलायचं. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणायचं, ते पण उत्तरच असतं. वाचल्याशिवाय सही नाही, आणि सही केली तर नक्कल मागून घ्यायची. मुलीची भेट एकही चुकवायची नाही. आणि भेटीत तिला विचारायचं नाही, कुणी मारलं म्हणून. तुम्ही विचाराल, ती तुमचं तोंड बघून उत्तर देईल, आणि मग खरं कायमचं हातातून गेलं."

त्यांनी दोन वह्या काढल्या, एकेकाला एकेक दिली.

"शुक्रवार सकाळपासून सोमवार सकाळपर्यंत. तास न् तास. मुलीच्या अंगावर काय होतं आणि तुमचे हात कुठे होते, एवढंच लिहा. एकमेकांना दाखवू नका."

वही घेताना तिचे हात टेबलावर आले. बोटांच्या बेचक्यांत आणि मनगटाच्या कडेला तपकिरी डाग होते. तिनं हात लगेच मागे घेतले.

"हे कशानं?" वकीलबाईंनी विचारलं.

"कामाचं आहे. मिठाच्या पाण्यानं होतं. आमच्या सगळ्याजणींना आहे."

"ऑफिसमध्ये?"

तिला नाक ओढावं लागलं म्हणून तिनं पिशवीतून रुमाल काढला. वकीलबाईंची पेन्सिल क्षणभर थांबली, त्यांनी मान जराशी पुढे केली, आणि पुन्हा टोक काढायला लागल्या.

घरी जाताना बसमध्येही दोघांच्या मध्ये पिशवी होती. ती त्याच्या हाताकडे बघत होती. दांडा धरलेला रुंद, काळवंडलेला हात. लग्नाला सात वर्षं झाली होती, पण या हाताचं माप तिनं कधी घेतलं नव्हतं.

३

मंगळवारी वकीलबाई त्यांच्या इमारतीत आल्या आणि तिला घेऊन वरच्या आजींकडे गेल्या. आजींनी दार अर्धंच उघडलं. त्या बिचाऱ्या दुसऱ्याच्या संसारात नाक खुपसल्याच्या धास्तीनं अर्ध्या झाल्या होत्या.

"मी काही मुद्दाम नाही हो सांगितलं. विचारलं म्हणून सांगितलं."

"योग्य केलंत," वकीलबाई म्हणाल्या. "सकाळी तुमच्याकडे होती तेव्हा कशी होती?"

"खेळत होती. फक्त पाठ खाजवत होती. मी म्हटलं, डास चावला असेल."

"आणि संध्याकाळी तो काय ओरडला? त्याचे शब्द आठवतात?"

आजींनी डोळे मिटले. "'गप बस, पाणीच आहे, विस्तव नाही.' दोनदा म्हणाला. पोर आंघोळीला रडत होती. मग दार आपटलं."

जिन्यात तिचे पाय थांबले. दार आपटल्याचं नवऱ्यानं तिला सांगितलं नव्हतं.

"आपटलं का?" तिनं घरात शिरल्या शिरल्या विचारलं.

तो चहा गाळत होता, गाळतच राहिला. "आपटलं. ती आंघोळच करू देईना. पाठीला पाणी लावलं की किंचाळायची. मी वैतागलो, तिला तिथेच रडत ठेवून बाहेर आलो. पाच मिनिटं. पाठ थोडी लालसर होती, मला वाटलं घामोळं आहे. मी शर्ट घातला आणि झोपवलं."

"आणि हे तू आता सांगतोयस."

"लाज वाटली," तो म्हणाला.

तिचा त्याच्यावर विश्वास बसला नाही. खरं सांगायचं तर अविश्वासही पुरता बसला नाही. दुपारभर ती खुर्चीवर बसून होती आणि कपातल्या चहावर साय धरली.

संध्याकाळी वह्या द्यायला ती झेरॉक्सच्या दुकानावर गेली, तर वकीलबाई उजवी बाही कोपरापर्यंत वर करून खिडकीतल्या उन्हात बसलेल्या. कोपराखाली एक चिकटपट्टी लावली होती.

"लागलं का?" तिनं विचारलं.

"नाही अजून," वकीलबाई म्हणाल्या आणि तिची वही उघडली. शनिवारच्या पानावर त्यांनी बोट ठेवलं. 'दोन वाजता सुटले. हात साफ केले. पावणेतीनला बालवाडी. अंगात पिवळा पट्ट्यांचा फ्रॉक. झोका. सव्वाचारला घरी.' त्यांनी एका ओळीखाली पेन्सिलीनं रेघ मारली. कुठल्या, ते तिला उलट्या बाजूनं दिसलं नाही.

४

बुधवारी भेटीचा तास होता, फक्त आईसाठी. बालगृहाच्या भेटीच्या खोलीत लहान मुलांच्या खुर्च्या होत्या. मोठ्यांनीही त्यांवरच बसायचं. कोपऱ्यात तिथल्या एक ताई वही घेऊन बसल्या होत्या. वकीलबाई दाराशी उभ्या राहिल्या.

भिंगरी धावत आली नाही. चालत आली. एका जागी न टिकणारी पोर चालत आली, हे तिला दिवसभर पुरलं.

"इथला झोका मोडलाय," भिंगरी म्हणाली.

"हो का?"

"एक साखळी आहे नुसती."

तिच्या जिभेवर तो प्रश्न आला होता. कुणी मारलं गं? पाच शब्दही नाहीत. ती ते गिळून बसली आणि मुलीच्या वेणीचं रबर नीट करत राहिली. ताईंनी औषध लावायला शर्ट वर केला तेव्हा तिनं पाठ बघितली. नऊ दिवस झाले होते. पंजा होता तसाच होता, फक्त लालाचा तपकिरी झाला होता. फोड वाळला होता. वकीलबाईंनी दोन पावलं पुढे येऊन, ताईंची परवानगी विचारून, त्या डागावर बोट दाबलं.

"दुखतं?"

"नाही," भिंगरी म्हणाली. "तुमच्या चष्म्याला दोरी का आहे?"

तास संपला. फाटकाबाहेर चौकशीबाई भेटल्या. "परवा सुनावणी," त्या म्हणाल्या. "कागदाचं काय ठरलं?"

वकीलबाई तिच्याकडे बघत होत्या. "डोळ्यांनी बघितलं नसेल ते लिहू नका," एवढंच त्या म्हणाल्या आणि बस पकडायला गेल्या.

घरी आल्यावर तिनं स्वयंपाकघराच्या ओट्यावर तो कागद पसरला. 'माझ्या मुलीच्या पाठीवरचा हात माझ्या नवऱ्याचा आहे.' एक वाक्य लिहायला तिला दहा मिनिटं लागली. खाली सही केली. डोळ्यांत पाणी आलं नाही. एक साखळीचा झोका तेवढा डोळ्यांसमोर होता. कागद तिनं पिशवीत रुमालाखाली ठेवला, पिशवी खुंटीला लावली आणि भांडी घासायला घेतली.

गुरुवारी दुपारी फॅक्टरीत तिला फोन आला. वकीलबाई होत्या.

"लगेच या. तुमच्या नवऱ्यानं माझ्याकडे कबुली लिहून दिलीय."

५

कबुली टेबलावर होती. त्याचं अक्षर मोठं होतं, आवाजासारखं. 'रविवारी संध्याकाळी आंघोळ घालताना मी रागाच्या भरात मुलीच्या पाठीत मारलं. बायकोचा संबंध नाही. मी घर सोडून जायला तयार आहे. मुलगी आईला द्यावी.'

ती बसली. म्हणजे खरंच होतं. तिला वाटलं आता तरी काहीतरी फुटेल आतून. काही फुटलं नाही.

"आता दोनदा वाचा," वकीलबाई म्हणाल्या. "आणि सांगा यात खोटं काय आहे."

"खोटं?"

"तुमचा नवरा साफ खोटं बोलतोय, आणि त्याला ते नीट बोलताही येत नाही." त्यांनी फोटो कबुलीशेजारी ठेवला. "ही कोरी पट्टी बघा. पंज्याच्या मधून गेलेली. ही फ्रॉकच्या पट्ट्याची जागा आहे. हात पडला तेव्हा मुलीच्या अंगात खांद्यावर पट्टे आणि पाठ उघडी असलेला फ्रॉक होता. आंघोळ घालताना फ्रॉक असतो का अंगात? रविवारी दिवसभर तिला शर्ट होता, त्याच्या वहीत आहे, आजींनीही तेच सांगितलं. पट्ट्यांचा फ्रॉक होता शनिवारी."

"शनिवारी? पण डाग तर सोमवारी..."

"तिथेच सगळ्यांची गाडी चुकली. चौकशीबाईंची, तुमची, आणि पहिले दोन दिवस माझीही. सगळे रविवार खणत बसले. आता पुढे बघा. चापट मारली तर एवढ्याशा पातळ पट्ट्यानं कातडी वाचत नाही, पट्ट्याखालीही वळ उठतो. इथे कोरं आहे. चापटीचा वळ निळा पडतो, मग हिरवट, पिवळा होतो आणि जातो. हा नऊ दिवसांनीही तसाच, नुसता तपकिरी झाला, आणि दाबला तर दुखत नाही. आणि ही रेघ. पट्टा किंवा दोरी मारल्याची खूण, असं चौकशीच्या अहवालात लिहिलंय. मारल्याची खूण अशी वाकडी, खाली खाली बारीक होत जाते का? ही ओघळाची रेघ आहे. जे काही पाठीला लागलं ते ओलं होतं."

त्यांनी बाही वर केली. कोपराखाली लाल पंजा उमटला होता, वेडावाकडा, फुगलेला, आणि त्यातून चिकटपट्टीच्या रुंदीची कोरी रेघ गेली होती.

"माझाच हात आहे," त्या म्हणाल्या. "मंगळवारी दुपारपासून लिंबाचा रस लावून उन्हात बसले. काल सकाळपर्यंत काही नव्हतं. आज बघा. त्वचेच्या डॉक्टरांना दाखवून आलेय, त्यांनी लिहून दिलंय. लिंबाचा रस कातडीवर राहिला आणि वर ऊन लागलं की दीड-दोन दिवसांनी भाजल्यासारखं होतं. जिथे कापडाची सावली तिथे काही नाही. रस पसरतो, म्हणून हात असतो त्याहून मोठा दिसतो. पुरुषाचा वाटतो."

तिनं आपले हात मांडीवर पालथे घातले.

"या सोमवारी मी तुमच्या फॅक्टरीच्या गेटवर उभी होते," वकीलबाईंचा आवाज जरा खाली आला. "शिफ्ट सुटली. कॅन्टीनच्या मागच्या दाराशी पिळलेल्या लिंबांची टोपली असते. सगळ्या बायका एकेक अर्धं लिंबू उचलतात आणि हात चोळत बाहेर पडतात. सगळ्यांच्या बोटांना तेच डाग. मिठाचे नाहीत ते. आता सांगा. त्या शनिवारी हात कशानं साफ केलेत?"

तिनं सपाट आवाजात सगळं सांगितलं. हातमोजे घातले की सुरी निसटते, म्हणून उघड्या हातांनी कापायचं. वास नखांत बसतो. एकदा बालवाडीच्या दारात एका मुलाच्या आईनं नाकाला पदर लावला आणि आपल्या मुलाला भिंगरीपासून दोन पावलं लांब ओढलं. भिंगरीनं ते बघितलं. त्या दिवसापासून ती लिंबू दोनदा चोळायची. एकदा गेटवर, एकदा बालवाडीच्या कोपऱ्यावर. दुसरं लिंबू रुमालात बांधून आणायची. इतर बायका घरी जाऊन हात धुतात. एरवी ती बालवाडीच्या कोपऱ्यावरच्या नळावर हात धुवायची, पण शनिवारी शिफ्ट अर्धी आणि तो नळ बंद असतो, म्हणून ती भर उन्हात तशीच आत गेली.

"आणि तिथे?"

"झोका," ती म्हणाली. "तिला जोरात हवा असतो. मी पाठीला हात लावून धक्का दिला. दोन-तीनदा. मग ती स्वतःच घ्यायला लागली, मी सावलीत बसले. तासभर."

"ऊन पाठीवर?"

"हो."

वकीलबाईंनी पेन्सिल खाली ठेवली. "हात तुमचा आहे," त्या म्हणाल्या. "मारलं कुणीच नाही."

६

शुक्रवारची सुनावणी पाऊण तासात आटोपली. डॉक्टरांचं पत्र वाचलं गेलं, वकीलबाईंनी बाही वर केली, बालवाडीच्या बाईंनी पिवळा फ्रॉक आणि झोका दोन्ही आठवून सांगितलं. तिला विचारलं तेव्हा ती उभी राहिली आणि म्हणाली, "मी मासे कापते." एवढ्या लोकांसमोर ते वाक्य बोलायला फार काही लागलं नाही. चौकशीबाईंनी फोटो पुन्हा एकदा निरखला, त्या कोऱ्या पट्टीवर बोट फिरवलं, आणि आमचं बघायचं राहिलं, असं स्पष्ट म्हणाल्या. पुन्हा असा फोन आला तर पुन्हा अशीच मुलगी उचलू, हेही म्हणाल्या. ते खरंच होतं आणि बरोबरही होतं.

वकीलबाईंनी कबुली पाकिटात घालून नवऱ्याला परत दिली. "पुढच्या वेळी खोटं लिहाल तर आधी मला विचारा," त्या म्हणाल्या. पहिल्यांदाच कुणीतरी हसलं.

दुपारी तिघं घरी आले. भिंगरी खोल्याखोल्यांतून हिंडून सगळं आहे ना ते तपासत होती. नवरा स्वयंपाकघरात ओट्याशी उभा राहून ते पाकीट गॅसवर धरत होता. कागद पेटला, त्यानं तो मोरीत टाकला.

तिनं खुंटीवरची पिशवी काढली. रुमालाखालचा कागद काढला. त्याला रुमालाचा आंबट वास लागला होता. हे आता सांगितलं नाही तर जन्मभर सांगता येणार नाही, हे तिला कळत होतं.

"मीही लिहिलं होतं," ती म्हणाली. "तुझ्यावर. सही पण केली होती. दिलं नाही, पण आज दिलं असतं."

त्यानं नळ सोडला. राख वाहून गेली.

"माहितीय," तो म्हणाला. "बुधवारी रात्री बसचे सुटे पैसे घ्यायला पिशवी उघडली होती. वाचलं. म्हणून तर मी लिहिलं. म्हटलं, हिला वाटतंय मीच मारलं. मग हिनं तरी कशाला हे स्वतःच्या हातानं नेऊन द्यायचं. मीच देतो."

तो हे इतक्या हळू बोलला, की वरच्या आजींना काही ऐकू जायची शक्यता नव्हती.

बारा दिवस जे आलं नव्हतं ते तेव्हा आलं. ती ओट्याला पाठ लावून खाली बसली आणि रडली, तोंड न झाकता, मोठ्यानं. तो तिच्यासमोर फरशीवर बसला. तिला हात लावावा की नाही, हे त्याला ठरवता येईना.

भिंगरी दारात येऊन उभी राहिली. दोघांकडे आळीपाळीनं बघितलं. मग तिनं आईचा हात उचलून नाकाशी नेला, वास घेतला, आणि तो स्वतःच्या पाठीवर नेऊन ठेवला.

"आता ढकल," ती म्हणाली.